काडेपेटीतील विष आणि ख्रिस्ती सदसद्विवेकबुद्धी

विज्ञान, सृष्टी आणि ख्रिस्ती धर्म यांच्या परस्परसंबंधावर बोलावे, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला कळविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा गॅलिलिओ असावा. गॅलिलिओवर अधिकारवाणीने बोलणारी विद्वान मंडळी पुष्कळ आहेत. आमचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर गेले आणि जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री. तेव्हा आम्ही आज आकाशातील ग्रहगोलांऐवजी आपल्या सर्वांच्या स्वयंपाकघरातील एका वस्तूचा इतिहास सांगणार आहोत. ती वस्तू म्हणजे काडेपेटी.

धर्म आणि विज्ञान यांचे भांडण पृथ्वी फिरते की सूर्य फिरतो येथून सुरू होते, असे आपण शाळेत शिकलो. आम्हांला वाटते, खरा अवघड प्रश्न हे भांडण मिटल्यानंतर उभा राहतो. विज्ञानाने उपाय शोधून दिला, धर्मशील माणसांनी तो मान्यही केला, पैसा होता, कारखाने होते. असे असता तो उपाय कामगाराच्या पदरात पडावयास पन्नास-पंचावन्न वर्षे का लागावीत?

फॉस्फरस हे मूलद्रव्य १६६९ साली हँबर्ग येथे हेनिग ब्रांड या किमयागाराने मूत्र आटवून काढले. तो शोधीत होता सोने. हाती लागले ते अंधारात चकाकणारे, मेणासारखे एक द्रव्य. हा झाला पांढरा फॉस्फरस. थोडा पिवळसर दिसतो म्हणून त्याला पिवळाही म्हणत. उन्हाळ्यातील आपल्याकडच्या साध्या तपमानालाही तो हवेत पेट घेऊ शकतो. १८३० च्या सुमारास फ्रान्समध्ये शार्ल सोरिया याने तो काडीच्या गुलात घातला आणि कोठेही घासली तरी पेटणारी काडी तयार झाली. भिंतीवर घासा, बुटाच्या तळव्यावर घासा, काडी पेटणारच. लोकांना ती फार आवडली.

काड्या ज्या खोलीत फॉस्फरसच्या लगद्यात बुडवीत, त्या खोलीत त्याच्या वाफा भरून राहत. कामगार तेथेच भाकरतुकडा खात. दात किडका असला की वाफेचे विष त्या वाटेने जबड्याच्या हाडात शिरे. आरंभी दातदुखी, मग हिरडीला सूज, मग गळू, मग हाड आतल्या आत मरू लागे आणि पू वाहू लागे. त्याची दुर्गंधी इतकी असे की घरची माणसेही जवळ बसू शकत नसत. शेवटी जबडा कापून काढावा लागे. न काढल्यास माणूस जाई. इंग्रज कामगार या रोगाला ‘फॉसी जॉ’ म्हणत. व्हिएन्नाचे डॉक्टर लोरिन्सर यांनी १८४५ साली या रोगाची हकीकत वैद्यकाच्या जगापुढे मांडली.

आता योगायोग पाहा. त्याच व्हिएन्ना शहरात, त्याच दशकात, आंतोन श्रोटर या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की पांढरा फॉस्फरस हवा लागू न देता तापविला म्हणजे त्याचा तांबडा फॉस्फरस होतो. द्रव्य तेच, अणूंची रचना वेगळी. तांबड्याची वाफ सहसा होत नाही, तो आपोआप पेटत नाही आणि हाडही कुजवीत नाही. रोग आणि उपाय एका गावात, दहा वर्षांच्या आत जगापुढे आले. स्वीडनच्या पाश या शास्त्रज्ञाने १८४४ सालीच काडीच्या गुलातून फॉस्फरस काढून तो पेटीच्या बाजूवर लावण्याची युक्ती काढली होती. पुढे यॉन्शपिंग गावच्या लुंडस्ट्रोम बंधूंनी १८५५ च्या सुमारास तांबडा फॉस्फरस वापरून तीच युक्ती बाजारात आणली. आज आपण वापरतो ती हीच काडेपेटी. गुलात पोटॅशियम क्लोरेट असते, पेटीच्या बाजूला तांबडा फॉस्फरस असतो. घासताना त्याचा अगदी कणभर अंश पांढऱ्यात बदलतो आणि ठिणगी पडते. विष कारखान्यात साठत नाही, घासण्याच्या क्षणापुरतेच निर्माण होते.

लुंडस्ट्रोम यांना तांबडा फॉस्फरस मिळाला तो बर्मिंगहॅमच्या आर्थर ऑलब्राइट यांच्याकडून. हे गृहस्थ क्वेकर पंथाचे. क्वेकर म्हणजे शपथ न घेणारे, शस्त्र न धरणारे, गुलामगिरीविरुद्ध सर्वांच्या आधी उभे राहिलेले ख्रिस्ती लोक. पांढऱ्या फॉस्फरसचा व्यापार ऑलब्राइट यांच्याच हातात होता. आपल्या मालाने कामगारांचे जबडे जातात हे त्यांना सहन होईना, म्हणून त्यांनी श्रोटरची कृती विकत घेतली, ती मोठ्या प्रमाणावर करण्यातील स्फोटाचे धोके पत्करले आणि १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात तांबडा फॉस्फरस मांडला. धर्मबुद्धीने विज्ञानाचा हात धरला, तो असा. या माणसाबद्दल आम्हांला आदर आहे आणि तो आम्ही राखून ठेवीत नाही.

पुढचा भाग मात्र आमच्यासारख्या ख्रिस्ती माणसाला मान खाली घालावयास लावणारा आहे.

लुंडस्ट्रोम यांच्या काडेपेटीचे इंग्लंडमधील हक्क घेतले विल्यम ब्रायंट आणि फ्रान्सिस मे या दोघांनी. हेही क्वेकरच. १८६१ साली त्यांनी पूर्व लंडनमधील बो भागात कारखाना घातला, आणि आरंभीचा हेतू सुरक्षित काडेपेटी करण्याचाच होता. परंतु गिऱ्हाइकाला हवी होती स्वस्त काडी, कोठेही घासून पेटणारी. तांबडा फॉस्फरस महाग पडे. हळूहळू पांढऱ्याचा माल वाढत गेला. ब्रायंट वारले, मे बाजूला झाले, १८८४ साली धंद्याची भागभांडवलाची कंपनी झाली. कारभार मुलांच्या हाती आला होता. थोरल्याचे नाव विल्बरफोर्स. त्या काळच्या इंग्लंडात हे नाव उच्चारले की गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेला विल्बरफोर्स डोळ्यांपुढे यावयाचा.

येथे कोणी दुष्ट ठरवून दुष्टपणा केला असे आम्ही म्हणत नाही. आमचा अनुभव असा की कारखान्यात बहुतेक अन्याय दुष्टपणाने होत नाहीत. जमाखर्चाच्या वहीत एक रकाना असतो, त्यात माणसाचा जबडा मांडावयाची सोय नसते, एवढेच.

१८८८ साली ॲनी बेझंट या कारखान्याच्या दारात आल्या. आपल्याकडे या बाई टिळकांच्या बरोबरीने १९१६ साली होमरूलची चळवळ करणाऱ्या, १९१७ साली कलकत्त्याच्या काँग्रेसच्या अध्यक्षा झालेल्या म्हणून परिचित आहेत. त्या वेळी त्या थिऑसफीकडे वळलेल्या नव्हत्या. एका पाद्र्याची सोडून आलेली पत्नी, उघड निरीश्वरवादी, आणि त्यापायी कोर्टाने १८७८ साली मुलीचा ताबा काढून घेतलेली आई, अशी त्यांची ओळख होती. ‘द लिंक’ नावाचे लहानसे साप्ताहिक त्या चालवीत. त्यांचे त्यातील सहकारी स्टेड हे मात्र निष्ठावंत ख्रिस्ती पत्रकार. २३ जून १८८८ च्या अंकात बाईंनी या कारखान्याची हकीकत छापली. सोळा वर्षांच्या मुलीला आठवड्याला चार शिलिंग मजुरी. पाय मळलेले दिसले तर दंड, बाकाखाली कचरा राहिला तर दंड, उशीर झाला तर अर्धा दिवस फाटकाबाहेर. आणि भागधारकांना लाभांश शेकडा तेवीस. कारखान्यातर्फे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा पुतळा बो येथील चर्चसमोर १८८२ साली उभारला, त्यासाठी आपल्या मजुरीतून एकेक शिलिंग कापला, असे बायकांनी बाईंना सांगितले. मजुरी न देता पुतळे उभारणे हा प्रकार केवळ इंग्लंडातच घडतो असे समजण्याचे कारण नाही.

भागधारकांत गावोगावचे धर्मोपदेशकही होते. बाईंनी त्यांना उद्देशून लिहिले. डोक्यावरून पेट्यांचे ओझे वाहून पंधराव्या वर्षी ज्यांच्या टाळूवरचे केस गेले, अशा मुलींची त्यांनी आठवण दिली आणि स्वतःच्या लेकीच्या केसांवरून हात फिरवताना ती ठेवा, असे सांगितले. देवाला न मानणाऱ्या बाईने देवाच्या सेवकांना याकोबाच्या पत्राची आठवण करून द्यावी, असा हा प्रसंग आहे. त्या पत्रात कापून ठेवलेल्या मजुरीलाच वाचा फुटते, हे ख्रिस्ती श्रोत्यांना ठाऊक असेल.

कंपनीने काय केले? आम्ही सुखी आहोत, लेख खोटा आहे, अशा अर्थाच्या कागदावर कामगार स्त्रियांच्या सह्या मागितल्या. हा कागद आमच्या चांगल्या ओळखीचा आहे. देश बदलतो, मजकूर बदलत नाही. बायकांनी सही नाकारली. एकीला कामावरून काढले, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात आधी दोनेकशे व मग चौदाशेच्या आसपास स्त्रिया व मुली बाहेर पडल्या. संप बेझंटबाईंनी पुकारला असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. ते खरे नव्हे. बाईंचा सल्ला मालावर बहिष्कार घालण्याचा होता. संप मुलींनी केला आणि मग त्या बाईंकडे मदत मागावयास गेल्या. सारा चॅपमन व इतर कामगार स्त्रियांची समिती झाली, पार्लमेंटच्या सभासदांकडे शिष्टमंडळ गेले, लंडनच्या ट्रेड्स कौन्सिलने मध्यस्थी केली. दोन आठवड्यांच्या आतच कंपनी नमली. दंड बंद, कपात बंद, सर्वांना परत कामावर घ्यावयाचे, आणि जेवणासाठी वेगळी खोली. त्यातून काडेपेटी कामगार स्त्रियांची युनियन जन्मास आली.

याच दशकात, १८८४ साली, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणीकामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले होते. त्यातील साप्ताहिक सुट्टीची मागणी १० जून १८९० रोजी पदरात पडली. बोच्या मुलींना लोखंडे ठाऊक असण्याचा संभव नाही. पण मागण्यांची जात एकच.

आता या संपाचे जे वर्णन उत्सवी भाषणांत येते त्यात एक गोष्ट राहून जाते, आणि आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. संप जिंकला, तरी पांढरा फॉस्फरस कारखान्यातून गेला नाही. वेगळ्या जेवणघरामुळे पोटात जाणारे विष थोडे कमी झाले. हवेतील वाफ तशीच राहिली. मजुरी, दंड, कपात यांवर युनियनला बोलता येत होते. उत्पादन कोणत्या द्रव्याने करावे हा मात्र मालकाचा अधिकार, असे त्या काळी सगळेच धरून चालत. आणि खरे सांगावयाचे तर आजही आमचे पुष्कळ कार्यकर्ते वाटाघाटीच्या टेबलावर बोनसच्या पलीकडे बोलत नाहीत.

विषाला हात घातला तो मुक्तिफौजेने. जनरल विल्यम बूथ यांची ही संस्था महाराष्ट्राला परकी नाही. १९ सप्टेंबर १८८२ रोजी फ्रेडरिक टकर तीन सहकाऱ्यांसह मुंबईच्या बंदरात उतरले, त्यांनी भगवी वस्त्रे घातली, फकीरसिंग हे नाव घेतले. आणि अहमदनगरचे, आताच्या अहिल्यानगरचे, बूथ हॉस्पिटल आजही लोकांच्या तोंडी आहे. बूथ यांनी १८९० साली इंग्लंडातील दारिद्र्यावर एक मोठे पुस्तक प्रसिद्ध केले; ते लिहिण्यास वर सांगितलेल्या स्टेड यांनीच हातभार लावला. ११ मे १८९१ रोजी बूथ यांनी पूर्व लंडनमध्ये मुक्तिफौजेचा स्वतःचा काडेपेटीचा कारखाना उघडला. तांबडा फॉस्फरसच वापरावयाचा. खोल्या हवेशीर, चहाची सोय. बारा डझन पेट्यांना इतरत्र अडीच पेनीच्या आसपास मिळत, तेथे चार पेनी. पत्रकारांना आणि पार्लमेंटच्या सभासदांना फौजेचे लोक रोग्यांच्या घरी घेऊन जात. एका घरी दिवा मालवला तेव्हा त्या बाईचा जबडा अंधारात चकाकताना पाहुण्यांनी पाहिला, अशी हकीकत सांगतात.

हा कारखाना उघडल्यानंतर चौथ्या दिवशी, १५ मे १८९१ रोजी, रोममध्ये तेरावे लिओ पोप यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढले. कामगाराला जगण्यापुरती न्याय्य मजुरी आणि संघटना करण्याचा हक्क, या दोन गोष्टी त्यात मान्य केल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी लंडनच्या गोदी कामगारांच्या संपात कार्डिनल मॅनिंग यांनी मध्यस्थी केली होती, त्याचा वारा रोमपर्यंत पोहोचला होता. बूथ रोमला मानणारे नव्हते आणि रोमला बूथ यांचे कौतुक असण्याचे कारण नव्हते. तरी एकाच आठवड्यात दोघांनी एकाच गाठीला हात घातला: एकाने यंत्र चालवून, दुसऱ्याने सिद्धांत मांडून.

मुक्तिफौजेच्या कारखान्याचे पुढे काय झाले? त्यांची काडेपेटी महाग होती. सद्भावनेच्या लोकांनी दुकानदाराकडे हीच पेटी मागावी, असा प्रचार फौजेने केला. काही काळ मागितलीही. पण सकाळी चूल पेटवणारी गरीब बाई दोन पैसे वाचवू पाहणारच. तिला आम्ही दोष देणार नाही, कारण तिचा नवराही कोठेतरी अशाच मजुरीवर असणार. शिवाय स्वीडनची सुरक्षित आणि स्वस्त काडेपेटी बाजारात होती. दहा वर्षांत दम संपला. १९०१ साली कारखाना गेला तो ब्रायंट अँड मे कंपनीच्याच हाती.

म्हणजे बूथ हरले काय? आमचे मत असे की धंद्यात हरले आणि साक्षीत जिंकले. काडेपेटी विषाशिवाय होऊ शकते आणि मजुरी वाढवून होऊ शकते, हे दाखवणारा एक चालता कारखाना दहा वर्षे लंडनच्या डोळ्यांपुढे होता. त्यानंतर ‘अशक्य’ हा शब्द कोणाला वापरता येईना. पण गिऱ्हाइकाच्या पुण्याईवर कामगाराचा जीव सोपवणे, हा मार्ग अपुरा ठरला, हेही तितकेच खरे. चांगला मालक शंभर-सव्वाशे कामगारांना वाचवतो. उरलेल्यांचा मालक त्या चांगुलपणाचाच फायदा घेऊन आपला माल दोन पैसे स्वस्त विकतो.

दरम्यान १८९५ च्या फॅक्टरी कायद्याने फॉस्फरसच्या विषबाधेची प्रत्येक घटना सरकारला कळवणे बंधनकारक झाले. हे कलम दिसावयास लहान आहे; आम्ही त्याला फार मोठे मानतो. १८९८ साली उघडकीस आले की ब्रायंट अँड मे कंपनीने असे सतरा रोगी कळवलेच नव्हते आणि त्यांतील सहा मरण पावले होते. कोर्टाने दंड केला तो पंचवीस पौंड नऊ शिलिंग. मेलेल्यांच्या संख्येने भागून पाहावे. परंतु रक्कम क्षुल्लक असली तरी आकडा छापून आला होता. त्याच साली फ्रान्समध्ये सेवेन आणि काएन या दोघांनी फॉस्फरस आणि गंधक यांच्या संयुगाची, कोठेही घासून पेटणारी पण निर्विष काडी काढली. फ्रान्समध्ये काडेपेटीची मक्तेदारी सरकारची होती, आणि तेथील कामगारांची संघटना पांढऱ्या फॉस्फरसविरुद्ध पुन्हा पुन्हा संपावर गेली होती. प्रयोगशाळेत घाई झाली ती उगीच नव्हे. ब्रायंट अँड मे कंपनीने या शोधाचे इंग्लंडमधील हक्क घेतले आणि १९०१ साली पांढरा फॉस्फरस सोडल्याचे जाहीर केले.

फिनलंडने १८७२ साली आणि डेन्मार्कने १८७४ साली बंदी घालून टाकली होती. मोठ्या देशांची सबब एकच: आम्ही एकट्याने बंदी घातली तर शेजारी बाजार खाईल. म्हणून १९०६ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. इंग्लंडने तेथेही आरंभी सही केली नाही. १९०८ साली कायदा केला आणि बंदी प्रत्यक्षात आली १ जानेवारी १९१० पासून. हिंदुस्थानात कायदा १९१३ साली झाला. त्यामुळे पुढच्या दशकात स्वीडिश भांडवलाने अंबरनाथला काडेपेटीचा मोठा कारखाना निघाला (अंबरनाथकरांना ‘विमको’ हे नाव सांगावयास नको), तेव्हा इतर दुःखे असली तरी तेथील मराठी कामगाराच्या वाट्याला बोच्या मुलींचा जबडा आला नाही. ती किंमत दुसऱ्या देशातील मुलींनी आधीच मोजली होती.

एवढा जुना इतिहास आज उगाळण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढले. त्यात तापत चाललेल्या पृथ्वीविषयी शास्त्रज्ञांचे म्हणणे त्यांनी स्वीकारले, आणि पृथ्वीचे दुःख व गरिबाचे दुःख ही दोन वेगळी दुःखे नाहीत असे सांगितले. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेतले, आणि ‘रेरुम नोवारुम’ काढणाऱ्या तेराव्या लिओंची आठवण म्हणून घेतले, हे त्यांनी स्वतः स्पष्ट केले. आम्ही या गोष्टींचे स्वागत करतो. पण परिपत्रक आणि कारखान्याचा उंबरठा यांत अंतर असते, आणि ते १८९१ सालाएवढेच आजही आहे.

आपल्या सर्वांच्या ओळखीचे एक उदाहरण सांगतो. घरावर, गोठ्यावर, कारखान्यावर आपण जे सिमेंटचे पत्रे घालतो, त्यांपैकी पुष्कळांत ॲस्बेस्टॉसचा धागा असतो. हा धागा श्वासावाटे फुप्फुसात गेला की तेथेच रुततो. दमा लागावा तसे होते, पुढे कर्करोगही होतो, आणि रोग दिसावयास वीस-तीस वर्षे लागतात. साठाहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. त्याच्याशिवाय पत्रा करता येतो, हेही सिद्ध झाले आहे. आपल्याकडे तो आयात होत आला आहे, आणि कारण विचारले तर मिळणारे उत्तर बोच्या जमाखर्चातलेच आहे: स्वस्त पडतो.

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या कामगारांविषयी एक निकाल दिला. प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षे, किंवा काम सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत ठेवावी, असे त्यात म्हटले आहे. १८९५ च्या त्या लहानशा कलमाचाच हा वंशज. आम्ही अशा धुळीचे काम चालणाऱ्या एका कारखान्यात ही नोंदवही पाहावयास मागितली. तेथील अधिकाऱ्यांनी आम्हांला खुर्ची दिली, चहा दिला आणि कपाटातून काढून हजेरीपट पुढे ठेवला. कोणता कामगार कोणत्या दिवशी गैरहजर होता हे त्यात अत्यंत व्यवस्थित लिहिलेले होते. तो का गैरहजर होता, याला त्यात रकाना नव्हता. आम्ही तेथेच बसून लेखी अर्ज केला, पोच घेतली, आणि पोचेवर तारीख घालून घेतली.